डर्ट बाइकला साइड स्टँड बसवताना: पाय नाही, आधी जोड बघा

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाचकाने जुनी २५० सीसीची मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची) गाडी घेतली. कंपनीकडून तिला साइड स्टँड येत नाही, म्हणून त्यांनी बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा स्टँड मागवला. तो डाव्या फुटरेस्टच्या ब्रॅकेटवर बसतो. घरीच बसवला, पण तीन अडचणी आल्या. गाडी इतकी सरळ उभी राहते की जरा धक्का लागला की उजवीकडे जाते. ब्रॅकेटचे बोल्ट दोनदा सैल झाले. आणि स्टँडचा पांढरा कच्चा रंग त्यांना नको आहे, काळा पावडर कोट (भुकटी भट्टीत भाजून बसवलेला रंग) हवा आहे. ओळखीच्या एका फॅब्रिकेटरने ‘फ्रेमलाच वेल्ड मारून टाकू, कटकट मिटेल’ असं सुचवलंय. ते करावं का?

वेल्डचं आधी सांगतो, कारण बाकीच्या चुका सुधारता येतात, ही येत नाही. करू नका. तुमच्या गाडीची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आहे. तिची ताकद नुसत्या धातूत नसते, त्या धातूवर केलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेत असते. वेल्डच्या आजूबाजूचा पट्टा तापला की ती प्रक्रिया तिथे पुसली जाते आणि तो भाग मऊ पडतो. कारखान्यात फ्रेम जोडताना याचा विचार आधीच केलेला असतो. तिथे जाडी, आकार आणि नंतरची प्रक्रिया त्या हिशोबाने ठरते. आपण गॅरेजमध्ये टाका मारतो तेव्हा यातलं काहीच होत नाही. शिवाय फुटरेस्टजवळचा हा भाग म्हणजे उडी मारून खाली येताना तुमचं सगळं वजन ज्याच्यावर आदळतं तोच. तिथे फ्रेमला चीर गेली तर स्टँडचा विषयच राहत नाही. क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची) फ्रेम असती तरी मी नाहीच म्हटलं असतं.

दुसरं कारणही आहे. कावासाकी केएक्स, यामाहा वायझेड, केटीएम एसएक्स-एफ अशा मोटोक्रॉस गाड्यांना स्टँड नसतो तो विसरलेला नसतो. उडीनंतरच्या आपटण्यात स्टँड खाली आला आणि मातीत रुतला तर गाडी तिथल्या तिथे फेकली जाते. म्हणून ट्रॅकवर गाडी उभी करायला मागच्या अ‍ॅक्सलच्या भोकात अडकवायचा त्रिकोणी स्टँड किंवा इंजिनाखाली ठेवायचा स्टूल वापरतात. स्पर्धेत उतरलात तर साइड स्टँड काढूनच जायचं. तेव्हा तो दोन बोल्ट सोडले की सुटला पाहिजे.

आता गाडी फार सरळ का राहते ते बघू. तुमचा स्टँड लांब आहे, एवढंच. पण किती कापायचा हे अंदाजाने ठरवू नका, कारण कापलेलं अ‍ॅल्युमिनियम परत वाढत नाही. मी वापरतो तो हिशोब सांगतो. अशी गाडी पेट्रोल धरून साधारण ११० किलो भरते. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिलिमीटरच्या आसपास धरा आणि स्टँडचा पाय टायरच्या रेषेपासून ३०० मिलिमीटर लांब टेकतो असं माना. गाडी १० अंश कलली तर गुरुत्वमध्य सुमारे ९५ मिलिमीटर डावीकडे सरकतो आणि स्टँडवर साधारण ३५ किलो भार येतो. ५ अंशच कलली तर स्टँडवर जेमतेम १८ किलो राहतात. अशी गाडी वाऱ्यानेही पडेल. १५ अंश केली तर ५२ किलो होतात, आणि तेवढा भार त्या छोट्या ब्रॅकेटवर रोज नको. मी १० अंशाच्या आसपास थांबतो. आपल्याकडे जमीन सपाट मिळतेच कुठे? उजवीकडे ३ अंश उतार असला तर तुमचे १० अंश तिथे ७ झाले.

याच हिशोबात लांबी १० मिलिमीटर कमी केली की कोन जवळपास २ अंशांनी वाढतो. म्हणून एका वेळी ५ मिलिमीटरच कापा.

मोजताना गाडी स्टूलवर नको, स्वतःच्या चाकांवर हवी. टायरमध्ये तुम्ही नेहमी ठेवता तेवढीच हवा, टाकीत निम्मं पेट्रोल. गाडी दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसेल. या गाड्यांच्या सस्पेन्शनची चाल ३०० मिलिमीटरच्या घरात असते आणि नुसत्या गाडीच्या वजनाने मागची बाजू ३० ते ४० मिलिमीटर बसते. ते न धरता मोजलं की सगळा हिशोब चुकतो. मोबाइलमधलं लेव्हल मागच्या डिस्कला टेकवून धरा, मित्राला गाडी १० अंशांवर धरायला सांगा आणि स्टँडच्या पिव्हटच्या (पाय ज्या बोल्टवर फिरतो त्याच्या) मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर पाय ज्या तिरक्या रेषेत येतो त्या रेषेत मोजा. पुढे मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड (ती आधीच किती दाबून ठेवलीय ते) बदललात तर हे परत तपासावं लागेल.

बऱ्याच स्टँडमध्ये जमिनीला टेकणारी खालची थाळी वेगळी असते आणि नळीत बसवून बोल्टने पक्की केलेली असते. तुमची तशी असेल तर थाळी काढा आणि नळी त्याच टोकाकडून कापा. थाळी नळीला एकजीव असेल तर मात्र घरी करू नका. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, कुठल्याही औद्योगिक पट्ट्यात लेथवाले आहेत. त्यांच्याकडून नळीत निदान ३० मिलिमीटर आत जाणारा खुंटीचा तुकडा करून घ्या, आडवा बोल्ट टाका आणि थाळी १० अंशाच्या कलाने अशी बसवा की गाडी उभी असताना ती जमिनीला सपाट लागेल. नळीच्या सर्वात खालच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक ठेवा. पावसात नळीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट हवी.

थाळीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण पावसाळ्यात मुरबाड-कर्जतकडच्या मातीत गाडी पडते ती बहुतेक वेळा थाळीमुळे. बाजारातली थाळी साधारण ४ बाय ४ सेंटिमीटर असते. ३५ किलो तेवढ्या जागेवर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोहून जास्त. ८ बाय ८ केली तर अर्ध्या किलोच्या थोडं वर. तरीही चिखलात उभ्या माणसाच्या बुटाखाली याच्या निम्म्याहून कमी दाब असतो. म्हणजे जिथे तुमचा बूट रुततो तिथे मोठी थाळीही रुतणारच. थाळी याहून मोठी केली तर दगडाला, बुटाला अडते. त्यापेक्षा बॅगेत प्लायवूडचा तळहाताएवढा तुकडा ठेवा, दोरी बांधून. दोरी ओढली की गाडीवर बसल्या बसल्या परत हातात येतो.

बोल्टांकडे वळतो. तुमच्या प्रश्नाचं मर्म माझ्या मते इथे आहे. लोक स्टँडच्या पायाची जाडी बघून खूश होतात, पण स्टँड मोडलेला मी फार कमी पाहिलाय. सुटतो तो जोड.

तुमच्या स्टँडचा ब्रॅकेट फ्रेम आणि फुटरेस्टच्या मध्ये बसतो. त्याची जाडी ६ मिलिमीटर असली आणि तुम्ही जुनेच बोल्ट परत लावले असतील, तर फ्रेममध्ये जाणारे आटे ६ मिलिमीटरने कमी झाले. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्टच्या व्यासाच्या निदान दीडपट आटे आत गेले पाहिजेत, शक्यतो दुप्पट. ८ एमएमच्या बोल्टला म्हणजे १२ ते १६ मिलिमीटर. किटमध्ये लांब बोल्ट आले असतील तर तेच वापरा. नसतील तर आधी वायरचा तुकडा घालून भोकाची खोली मोजा. उलटी चूकही होते: बोल्ट जास्त लांब घेतला की तो भोकाच्या तळाला टेकतो, पाना घट्ट लागतो, माणसाला वाटतं आवळला, प्रत्यक्षात ब्रॅकेट मोकळाच असतो.

आटे आधीच खाल्ले गेले असतील तर बोल्टला टेप गुंडाळून चालवू नका. हेलिकॉइल (भोकात बसवायची, तारेच्या आट्यांची गुंडाळी) टाकून घ्या. नीट बसवलेली हेलिकॉइल मूळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त टिकते.

बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे घ्या, डोक्यावर आकडा असतो. चकचकीत दिसतात म्हणून स्टेनलेसचे घेऊ नका. आपण खाडीकाठी राहतो. ऐरोली, विटावा, कोपरी इथल्या हवेत ओल आणि खारेपणा दोन्ही आहेत. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागून ओले राहिले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरते आणि दोन पावसाळ्यांनी बोल्ट काढताना आटेच बाहेर येतात. बसवताना आटे ब्रेक क्लीनरने धुवून पूर्ण कोरडे करा, मध्यम ताकदीचं निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा आणि टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरावर टक् करणाऱ्या) गाडीच्या मॅन्युअलमध्ये फुटरेस्टसाठी दिलेल्या आकड्यावर आवळा. एक रात्र तसंच राहू द्या. लॉकटाइट आट्यांमधल्या फटी भरतं, त्यामुळे पाणीही आत जात नाही. तेलकट आट्यांवर ते धरत नाही, आणि त्याच बोल्टला ग्रीसही लावलंत तर दोन्ही फुकट गेलं.

पिव्हटचा बोल्ट वेगळा. तिथे पाय फिरायला हवा, म्हणून ग्रीस आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला). पाय बोटांनी हलवून बघा: वरखाली सहज फिरावा, पण पुढे-मागे लटलटू नये. ही लटलट थाळीपाशी पोहोचेपर्यंत कितीतरी पट मोठी होते.

आता पावडर कोट. तुमचे बोल्ट आत्ता सैल होतात, आणि कोट केल्यावर आणखी होतील, जर ब्रॅकेट तसाच्या तसा भट्टीत दिलात तर. मीही सुरुवातीला एका गाडीचा ब्रॅकेट पूर्ण काळा करून घेतला होता, दोन्ही बाजूंनी, भोकांसकट. दिसायला देखणा झाला. तिसऱ्या फेरीला गाडी परत आली, बोल्ट हाताने फिरत होते. परत आवळले, परत सैल. कारण समजायला वेळ लागला, पण ते साधं आहे.

बोल्ट आवळतो तेव्हा तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच जोड धरून राहतो. ८ एमएमचा बोल्ट, पकडीची लांबी २५ मिलिमीटर, पूर्ण आवळला तर किती ताणला जातो? साधारण ०.०५ मिलिमीटर. पावडर कोटचा एक थर ०.०६ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे बोल्टच्या सगळ्या ताणाहून एक थर जाड. ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना थर असला की तो इंजिनाच्या उष्णतेने आणि धक्क्यांनी दबत जातो, आणि जितका दबला तितका ताण गेला. बोल्ट एक आटाही न फिरता सैल होतो! लॉकटाइट इथे काही करू शकत नाही, ते बोल्टला फिरू देत नाही एवढंच.

म्हणून जिथे धातूला धातू लागतो ती प्रत्येक जागा कोरी हवी: ब्रॅकेटची फ्रेमकडची बाजू, फुटरेस्टकडची बाजू, बोल्टच्या डोक्याखालची गोल जागा, पिव्हटचं भोक आणि त्याच्या दोन्ही कडा. पावडर कोटिंगवाल्याकडे उष्णता सोसणारी हिरवी टेप आणि सिलिकॉनची बुचं असतात. त्याला नुसतं तोंडी सांगू नका. मार्करने जागा आखून द्या, जमलं तर टेप समोर बसून स्वतः लावा. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, तेव्हा स्प्रिंग, बुश, रबर आधी काढून ठेवा. तुमचा प्रीलोड आणि लांबी पक्की झाल्याशिवाय कोटला देऊ नका, नाहीतर कापलेलं टोक परत उघडं पडेल.

मला विचाराल तर अ‍ॅल्युमिनियमच्या स्टँडला मी काळं अ‍ॅनोडायझिंग (विजेच्या प्रक्रियेने धातूवरच थर आणणं) करतो. तो थर पावडरपेक्षा खूप पातळ आणि धातूतूनच वाढलेला असतो, कडक असतो, बोल्टखाली दबत नाही. दगड लागला तर ओरखडा दिसतो पण पापुद्रा सुटत नाही. पावडर कोटला एकदा टवका उडाला की ओल थराखाली पसरत जाते.

यापैकी काहीही करण्याआधी हाताचं काम नीट करा, कारण कोट खालचं काही लपवत नाही. कापलेल्या टोकाच्या, ब्रॅकेटच्या सगळ्या धारदार कडा बारीक कानशीने गोल करा. अ‍ॅल्युमिनियम कानशीच्या दातांत भरतं. आधी कानशीवर खडू घासा, भरत नाही. लोखंडावर वापरलेली कानस मात्र नको. त्यानंतर १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग ३२०. हात नेहमी पायाच्या लांबीच्या दिशेने चालवा. आडवा ओरखडा राहिला तर पाय वाकताना चीर तिथूनच सुरू होते. धारदार कडेवर पावडर थांबत नाही, पहिला टवका तिथूनच उडतो.

बोल्ट मात्र कुठल्याही प्लेटिंगला देऊ नका. जास्त ताकदीच्या बोल्टला साध्या दुकानात झिंक करून घेतलं तर हायड्रोजन धातूत शिरतो, आणि बोल्ट आवळल्यावर काही तासांनी वा दिवसांनी आपोआप तुटू शकतो. कंपनीकडून प्लेट होऊन आलेलेच घ्या.

कोट होऊन आल्यावर स्प्रिंग. ती पाय खाली असताना पिव्हटच्या एका बाजूने आणि वर असताना दुसऱ्या बाजूने गेली पाहिजे, म्हणजे दोन्ही ठिकाणी पायाला धरून ठेवते. एकात एक अशा दोन स्प्रिंगा असतील तर दोन्ही लावा, एक तुटली तरी दुसरी पाय वर ठेवते. पक्कडीने ओढत बसलात की पक्कड सटकते आणि डोळ्याला लागू शकतं. स्प्रिंग शिकंज्यात धरून एका बाजूला वाकवा, उघडलेल्या वेटोळ्यांत पातळ वॉशर घाला, मग दुसऱ्या बाजूला वाकवून तिकडेही घाला. स्प्रिंग लांब होऊन तशीच राहते. आरामात हुकात अडकवा आणि पाय खाली-वर केला की वॉशर गळून पडतात. चष्मा तरीही लावा.

एक तपासणी कोणी करत नाही, ती तुम्ही नक्की करा. मागच्या शॉकचा खालचा बोल्ट काढा आणि चाक हाताने वर उचलून स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) पूर्ण चालीत फिरवा, स्टँड वर दुमडलेला असताना. चेन, चेन गाइड, टायरची बटणं यांपासून कुठेही निदान १० मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. उभ्या गाडीत सगळं मोकळं दिसतं. उडीनंतर शॉक पूर्ण दबतो तेव्हा टायर कुठे येतो ते असंच कळतं. मग रायडिंगचे बूट घालून बसा, गिअर वरखाली करा. बुटाची टाच स्टँडला अडकत असेल तर थाळीचा तो कोपरा कापा. ट्रॅकवर जाताना पायाभोवती रबराचा पट्टा हवाच, स्प्रिंग कितीही चांगली असली तरी.

वापरताना स्टँडवर उभ्या गाडीवर बसू नका. सत्तर किलोचा माणूस बसला की स्टँडवरचा भार ३५ वरून ७०-७५ किलोवर जातो. डाव्या फुटरेस्टवर पाय देऊन चढलात तर शंभरच्या घरात, कारण फुटरेस्ट जवळपास स्टँडच्या पायाच्याच वर असतो. किक मारणंही गाडी स्टँडवरून उतरवून, एक पाय जमिनीवर ठेवून.

ही गाडी रस्त्यावर चालवायला पासिंग नाही, त्यामुळे ट्रॅकवर न्यायची ती टेम्पोतूनच. छोटा हत्तीत चढवली की स्टँड वर. हँडलला दोन्ही बाजूंनी पट्टे, पुढचं सस्पेन्शन निम्मं दाबून, पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकलेलं. स्टँड खाली ठेवून पट्टे आवळले की पट्ट्यांचा सगळा ताण त्या पायावर जातो आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा एखादा खड्डा ब्रॅकेट वाकवायला पुरतो. माझ्याकडे आलेल्या वाकलेल्या ब्रॅकेटपैकी बरेचसे गाडी चालवताना नाही, टेम्पोत वाकलेले होते.

सगळं बसवून झालं की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर येणारी एक बारीक रेघ पांढऱ्या पेंट मार्करने ओढा. पहिल्या फेरीनंतर गाडी धुवा आणि रेघ बघा. तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. तो काढून, धुवून, नव्याने लॉकटाइट लावून बसवा, नुसता आवळू नका. रेघ सरळ असली तरी पहिल्या फेरीनंतर टॉर्क पाना मॅन्युअलच्या आकड्यावर लावून एकदा टेकवा. बोल्ट हलला नाही आणि पान्याने टक् केलं की जोड बसला. हललाच, तर ब्रॅकेट काढून त्याखाली रंग किंवा माती राहिलीय का ते बघा.